फुल-डुप्लेक्स सेलमधे रँडम पेअरिंग केलं की थ्रूपुट टीडीडीच्याही खाली जातोय, शेड्युलर नक्की कसा लिहायचा?

एमटेक_ईअँडटीसी

नमस्कार मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टसाठी फुल-डुप्लेक्स मल्टियुजर नेटवर्कचं सिम्युलेशन करतोय आणि गाडी एका जागी अडकलीये. सेटअप असा आहे, इनडोअर स्मॉल सेल, ३.५ गिगाहर्ट्झ, २० मेगाहर्ट्झ बँडविड्थ, बेस स्टेशन २४ डीबीएमवर आणि फोन २३ डीबीएमवर (डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत पॉवर, दर १० डीबीला दसपट). बेस स्टेशन फुल-डुप्लेक्स म्हणजे त्याच फ्रीक्वेन्सीवर त्याच वेळी पाठवतं पण आणि ऐकतं पण, फोन मात्र साधे हाफ-डुप्लेक्स. दर स्लॉटला डाऊनलिंकवाला (बेस स्टेशनकडून ऐकणारा) एक आणि अपलिंकवाला (बेस स्टेशनला पाठवणारा) एक असे दोन युजर रँडम उचलतो आणि दोघांना एकदम सोडतो. सेल्फ-इंटरफिअरन्स कॅन्सलेशन, म्हणजे स्वतःच पाठवलेला सिग्नल ऐकण्यातून वजा करणं, ११० डीबी धरलंय, स्टॅनफर्डच्या २०१३ च्या पेपरात तेवढं मिळालंय म्हणून.

तर बऱ्याच ड्रॉपमधे (ड्रॉप म्हणजे युजरच्या रँडम जागांचा एक सेट) एकूण थ्रूपुट साध्या टीडीडीपेक्षा, म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवण्या-ऐकण्यापेक्षा, कमी येतोय. गाईड म्हणतात दुपटीच्या आसपास यायलाच पाहिजे, कोडमधे घोळ आहे, शोध. पेपरात १.८७ पट लिहिलंय. मी कोड उलटापालटा करून बघितला, काही सापडत नाही. कॅन्सलेशन १३० केलं तर एकूण आकडा जरा वर येतो पण खराब ड्रॉपमधे डाऊनलिंकवाल्यांचे आकडे ढिम्म हलत नाहीत. हे असं येणं बरोबर आहे का, आणि असेल तर रँडम सोडून काय करायचं? रिव्ह्यू जवळ आलाय, कोणीतरी मार्गी लावा.

आरएफ_काका

पेपर नीट वाच बाळा. १.८७ पट आला तो दोन रेडिओंच्या एका लिंकवर, वायफायच्या ८०२.११एसी वर, आणि दोन्ही टोकं फुल-डुप्लेक्स होती. म्हणजे तिथे तिसरा माणूसच नव्हता. तुझ्याकडे तीन आहेत, बेस स्टेशन, एक बोलणारा फोन आणि एक ऐकणारा फोन, आणि त्या दोन फोनांच्या मधे काय चाललंय ते कॅन्सल करणारं कोणी नाही. बेस स्टेशन स्वतः काय पाठवतंय ते त्याला माहीत असतं म्हणून ते वजा करता येतं. ऐकणाऱ्या फोनला शेजारचा काय पाठवतोय ते कुठून कळणार?

बाकी ते ११० डीबी कुठून आले हे पण समजून घे, व्हायव्हात हमखास विचारतात. वायफाय २० डीबीएमवर पाठवतं आणि नॉईज फ्लोअर (रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट) -९० च्या आसपास, फरक ११०. ढोल-ताशा पथकाच्या मधोमध उभं राहून पलीकडच्या गल्लीतल्या माणसाची शीळ ऐकायची तसला प्रकार. सगळं डिजिटलमधे वजा करू म्हणशील तर एडीसी (ॲनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप) आडवा येतो, १२ बिटचा म्हटला तर कागदावर ७२-७४ डीबी पण ओएफडीएमच्या (अनेक बारीक कॅरियरवर डेटा वाटणारा सिग्नल) पीकसाठी जागा सोडली की हातात ६०च्या आसपास उरतात. म्हणून निम्म्याहून जास्त काम ॲनालॉगमधे, एडीसीच्या आधीच उरकावं लागतं आणि राहिलेलं डिजिटलमधे. वर पॉवर ॲम्प्लिफायरची नॉनलिनिअर घाण असते, ती साध्या लिनिअर मॉडेलने जात नाही. पण हे सगळं तुझं दुखणं नाहीये. आपली मंडळी उगाच कॅन्सलेशनमधेच अडकून बसतात.

शेड्युलरवाली

काका बरोबर बोलले. तुझा कोड बरोबरच असावा, एक जोडी घेऊन कागदावर मांड म्हणजे गाईडना पण दाखवता येईल.

३.५ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेत १ मीटरवर लॉस ४३ डीबीच्या जरा वर, पुढे अंतर दसपट झालं की २० डीबी वाढतो. डाऊनलिंकवाला बेस स्टेशनपासून ५० मीटरवर, लॉस ७७, त्याला सिग्नल पोचतो -५३ डीबीएम. झकास सिग्नल आहे. आता अपलिंकवाला पण ५० मीटरवरच, पण ह्याच्यापासून फक्त १० मीटरवर, कँटीनमधे दोन टेबलं सोडून बसलाय समज. दोघांमधला लॉस ६३, त्याचा फोन २३ वर बोंबलतोय, म्हणजे ह्याच्या रिसीव्हरला -४० डीबीएमचा धक्का. एसआयएनआर, म्हणजे सिग्नल भागिले इंटरफिअरन्स अधिक नॉईज, उणे १३ डीबी. शॅननच्या कमाल रेटच्या फॉर्म्युल्यात टाक, हर्ट्झला ०.०७ बिट, डाऊनलिंक मेला. तिकडे अपलिंक बेस स्टेशनला -५४ वर पोचतो, उरलेला सेल्फ-इंटरफिअरन्स २४ वजा ११० म्हणजे -८६, तर ३२ डीबी, १०.६ बिट. बेरीज १०.७.

ह्याच दोघांना टीडीडीत आळीपाळीने दे. फोनचा नॉईज -९२ आणि बेस स्टेशनचा -९६ धरला तर डाऊनलिंक ३९ डीबी म्हणजे १३ बिट, अपलिंक ४२ डीबी म्हणजे १४ बिट, पण प्रत्येकाला अर्धाच वेळ, म्हणून ६.५ आणि ७. बेरीज १३.५. झालं ना, फुल-डुप्लेक्स हरलं, आणि १३० डीबी कॅन्सलेशन घेतलंस तरी कसंबसं १३.९ होईल आणि डाऊनलिंक तसाच मेलेला. तुझे आकडे हेच सांगतायत.

आता अपलिंकवाला बदल, बिल्डिंगच्या दुसऱ्या टोकाचा घे. अंतर १०० मीटर, लॉस ८३, मधे लिफ्टचा कोअर आणि भिंतींचे २० डीबी, मग इंटरफिअरन्स येतो -८० वर. डाऊनलिंक जवळपास २७ डीबी, ८.९ बिट, अपलिंक तेच १०.६, बेरीज १९.५. टीडीडीच्या दीडपटीच्या जरा आत. बेस स्टेशन तेच, कॅन्सलेशन तेच, युजरची अंतरं पण तीच, फक्त जोडीदार बदलला.

म्हणून शेड्युलरने दर स्लॉटला तीन प्रकारचे पर्याय बघायला हवेत, सगळ्या शक्य जोड्या, प्रत्येक डाऊनलिंकवाला एकटा, आणि प्रत्येक अपलिंकवाला एकटा. तुझ्या कोडमधे एकट्याचा पर्यायच नाहीये असं दिसतंय, दर स्लॉटला जोडी सोडायचीच असा हट्ट आहे, म्हणून तो टीडीडीच्या खाली जाऊ शकतो. एकट्याचा पर्याय ठेवलास की वेटेड बेरजेत खाली जायला वावच राहत नाही. प्रत्येक युजरच्या रेटला त्याच्या आतापर्यंतच्या सरासरीने भाग म्हणजे प्रपोर्शनल फेअर होईल, नाहीतर बेस स्टेशनच्या खुर्चीखाली बसलेले दोन जणच सगळे स्लॉट खातील आणि कँटीनवाला दिवसभर गोल फिरणारं चक्र बघत बसेल. ट्रॅफिक भरभरून न धरता क्यू मॉडेल केला असशील तर सरासरीऐवजी क्यूची लांबी वजन म्हणून लाव, ते मॅक्स-वेट, टॅसिउलास आणि एफ्रेमिडीस यांचं १९९२ चं काम, गाईडना आवडेल.

एमटेक_ईअँडटीसी

ताई, लई भारी, पहिल्यांदा कोणीतरी आकडे मांडून सांगितलं. एक शंका, अपलिंकवाल्या फोनची पॉवर कमी केली तर? शेजारी आहे म्हणून जोडी तोडण्यापेक्षा त्याला हळू बोलायला लावू. बऱ्याच पेपरांत जॉइंट पॉवर कंट्रोल आणि पेअरिंग असं असतं.

शेड्युलरवाली

करून बघ. कँटीनच्या जोडीत १० डीबी कमी कर, डाऊनलिंक उणे ३ वर येतो म्हणजे ०.६ बिट, अपलिंक २२ डीबीवर उतरतो म्हणजे ७.३, बेरीज ७.९. आधीच्यापेक्षा वाईट. चांगल्या जोडीत पण १९.५ चे १८.९ होतात. एकाचं काढून दुसऱ्याला देण्यासारखं आहे ते, खरा फायदा जोडीदार निवडण्यातच. पॉवर कंट्रोलमुळे प्रॉब्लेम नॉनकॉन्व्हेक्स होतो, म्हणजे सगळ्यात चांगलं उत्तर थेट सापडत नाही, मग टप्प्याटप्प्याने कॉन्व्हेक्स ॲप्रॉक्सिमेशन करत बसा, आणि हाती काय तर चिमूटभर. माझं मत, पहिल्या फेरीत सोड.

लिंकबजेट_जळगाव

ताईंशी इथे असहमत, आणि हे असहमत असणं महत्त्वाचं आहे कारण सगळे विद्यार्थी हाच फॉर्म्युला लावतात. शॅननला वरची टोपी नाही, खऱ्या रेडिओला आहे. २५६-क्वाम मॉड्युलेशनमधे ५जीचा सगळ्यात वरचा एमसीएस (मॉड्युलेशन आणि कोडिंगची पायरी) हर्ट्झला ७.४ बिटच्या आसपास संपतो. ताईंचं १३ आणि १४ बिट कुठल्या मोडेममधे मिळणार? टीडीडीचा खरा आकडा म्हणजे ३.७ अधिक ३.७, एकूण ७.४. म्हणजे ३९ आणि ४२ डीबी असताना वरचे १७ ते २० डीबी नुसते वाया जातायत, आणि तेच वाया जाणारे डीबी इंटरफिअरन्स सोसायला वापरता येतात.

आता ताईंचीच चांगली जोडी घ्या आणि अपलिंकची पॉवर ७ डीबीने उतरवा. अपलिंक २५ डीबीवर, शॅनन ८.३ म्हणतो, म्हणजे टोपीच्या वरच आहे अजून, काही गेलं नाही. डाऊनलिंककडे इंटरफिअरन्स -८७, एसआयएनआर ३३ च्या जवळ, तोही टोपीला टेकला. बेरीज १४.८, टीडीडीच्या बरोब्बर दुप्पट. गाईड म्हणतात ती दुप्पट इथे सापडते बघ. आणि मधली जोडी, समजा इंटरफिअरन्स -७० येतोय, एसआयएनआर १७, ५.७ बिट. तीच पॉवर ७ ने उतरवली की २४ डीबी, ८ बिट, पुन्हा टोपीला. म्हणजे ज्या मधल्या जोड्यांत आधी डाऊनलिंक मागे पडत होता त्याही पूर्ण टोपीला लागतात. कँटीनची जोडी मात्र मेलेलीच राहते, तिथे ताई बरोबर. खरा रिसीव्हर शॅननपेक्षा काही डीबी जास्त मागतो तेवढं मार्जिन सोड, सगळे ७ च्या ७ उधळू नकोस.

थोडक्यात रेट फॉर्म्युल्यात एक मिनिमम लाव, मग पॉवर कंट्रोल चिमूटभर राहत नाही.

शेड्युलरवाली

टोपीचा मुद्दा मान्य. पण मग सेलच्या काठावरच्या युजरकडे हे जास्तीचे डीबी नसतातच, तिथे माझंच गणित लागू. दोन्ही प्रकारचे युजर ड्रॉपमधे ठेव आणि सीडीएफ (किती टक्के युजरना किती रेटपर्यंत मिळालं त्याचा ग्राफ) काढ, नुसती सरासरी काढलीस तर काठावरच्यांचं काय झालं ते दिसणारच नाही.

सह्याद्री_नेटवर्क

हे सगळं ठीक आहे हो, आमच्याकडे ५जी असूनपण व्हिडिओ कॉलवर समोरचा आम्हाला स्पष्ट दिसतो आणि त्याला आम्ही ठोकळे ठोकळे दिसतो, त्याचं काही होणार आहे का ह्या फुल-डुप्लेक्सने?

प्लॅनिंगवाला

विनोदाने विचारलंत पण नेमक्या जागी बोट ठेवलंत. टीडीडीत बऱ्याच ठिकाणी पॅटर्न असतो तीन डाऊनलिंक, एक स्पेशल आणि एक अपलिंक, अर्ध्या मिलिसेकंदाचा एक स्लॉट. म्हणजे अडीच मिलिसेकंदात अपलिंकला धड एक स्लॉट. काठावरचा फोन आधीच २३ डीबीएमवर जीव तोडून ओरडत असतो, त्याला वेळ पण पाचवा हिस्सा. थ्रीजीपीपीत (मोबाईलची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) जे चाललंय ते ह्यासाठीच, दुप्पट स्पीडसाठी नाही. रिलीज १८ मधे अभ्यास झाला आणि १९ मधे सबबँड फुल-डुप्लेक्स घेतलं, एसबीएफडी म्हणतात. त्यात डाऊनलिंकच्याच स्लॉटमधे मधली एक पट्टी अपलिंकला देतात आणि दोन्ही बाजूला डाऊनलिंक चालू राहतं, बेस स्टेशन एकदम दोन्ही करतं पण वेगवेगळ्या पट्ट्यांत, फोन हाफ-डुप्लेक्सच. पाचपट वेळ बोलायला मिळाला तर एनर्जीच्या हिशेबाने ७ डीबी मिळाले, तेही फोनला हात न लावता.

आणि प्रश्नकर्त्याला, ट्रॅफिकचं प्रमाण घाल मॉडेलमधे. तू दोन्हीकडे भरभरून डेटा धरला असणार. प्रत्यक्षात डाऊनलिंक अपलिंकच्या कितीतरी पट असतं. समजा ९ ला १, तर टीडीडीला १० वेळ लागेल, आदर्श फुल-डुप्लेक्सला ९, कारण डाऊनलिंकचा ९ कुठे जात नाही. फायदा ११ टक्के. एवढ्यासाठी प्रत्येक साईटला कॅन्सलेशनची पेटी लावायला कोण पैसे देणार? हे वाक्य थीसिसमधे घालायचं की नाही ते तुझं तू बघ, गाईड नाराज होतील.

एसबीएफडीत पण फोन ते फोन त्रास संपत नाही बरं का. शेजारच्या पट्टीत फोनची गळती साधारण ३० डीबी खाली धरली तर वरचं कँटीनचं -४० होतं -७०, उणे १३ चे अधिक १७ डीबी. फरक पडतो, पण रिसीव्हरच्या एजीसीला (आपोआप गेन कमीजास्त करणारा भाग) तो -४० चा धक्का बसतोच कारण दोन्ही पट्ट्या एकाच कॅरियरमधे आहेत, फोनचा फिल्टर त्यांना वेगळं करत नाही. वर बेस स्टेशन ते बेस स्टेशन हा आणखी एक पाहुणा. एकाच सेलचं सिम्युलेशन असेल तर तो दिसणार नाही, दुसरा सेल ठेवलास की लगेच उगवेल, छतावरून छताला लाईन ऑफ साईट असते.

एमटेक_ईअँडटीसी

सर, आता खरी अडचण. हे सगळं करायला दोन फोनांमधला लॉस शेड्युलरला माहीत पाहिजे. माझ्या सिम्युलेशनमधे मॅट्रिक्स तयार आहे पण खऱ्या बेस स्टेशनला कोण सांगणार?

केबल_नाना

ह्याचं उत्तर केबलवाल्यांनी आधीच दिलंय, वायरलेसवाले आमच्याकडे बघत नाहीत. डॉक्सिस ४.० मधे, म्हणजे केबल इंटरनेटच्या स्टँडर्डमधे, फुल-डुप्लेक्स आहे, १०८ ते ६८४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथे पण नोड फुल-डुप्लेक्स आणि घरातला मोडेम एका चॅनलवर एका वेळी एकाच दिशेला, म्हणजे तुझंच मॉडेल. एका टॅपवरचे शेजारी मोडेम एकमेकांना ऐकतात. मग नोड काय करतो, एका मोडेमला टेस्ट सिग्नल सोडायला लावतो आणि बाकीच्यांना विचारतो तुमच्या रिसेप्शनवर किती परिणाम झाला. ज्यांना झाला ते सगळे एका इंटरफिअरन्स ग्रुपमधे, आणि एका ग्रुपमधल्यांना एका पट्टीत एकाच दिशेला ठेवायचं. विषय संपला. पेअरवाइज मॅट्रिक्स नको, नुसते ग्रुप. पण वायर जागची हलत नाही, हा आमचा फायदा.

शेड्युलरवाली

नानांची कल्पना चोरण्यासारखी आहे. ५जीत मोजायची सोय आहे, रिलीज १६ पासून क्रॉस-लिंक इंटरफिअरन्सचं मेजरमेंट आलंय, अपलिंकवाला फोन एसआरएस (मोजण्यासाठीचा ठरलेला सिग्नल) सोडतो आणि डाऊनलिंकवाला ते ऐकून पॉवर कळवतो. पण १० बाय १० म्हणजे १०० जोड्या, ५० बाय ५० म्हणजे २,५००, आणि माणसं हिंडतात. ते रिपोर्ट फिल्टर होऊन येतात, दर स्लॉटला ताजे नसतात. म्हणून फास्ट फेडिंगच्या (सिग्नलचे क्षणाक्षणाचे चढउतार) मागे लागू नकोस, दोन फोनांमधला फक्त लाँग-टर्म लॉस शेड्युलरला दे आणि बेस स्टेशन ते फोन चॅनल मात्र ताजा दे. सिम्युलेशनमधे शेड्युलरला फेडिंगशिवायचा मॅट्रिक्स आणि रेट काढताना फेडिंगसकटचा, असं वेगळं ठेव, मग रिव्ह्यूत कोणी म्हणणार नाही की तुला सगळं आधीच माहीत होतं.

आणि ग्रुपसाठी फुकटातली युक्ती, बेस स्टेशनला बीम असतील तर एकाच बीममधल्या दोघांची जोडी लावायचीच नाही. एकाच दिशेला बसलेत म्हणजे जवळ असण्याची शक्यता जास्त. दरवेळी खरं ठरत नाही, पण मोजमापाचा खर्च शून्य.

एमटेक_ईअँडटीसी

आणि अल्गोरिदम? हंगेरियन (सगळ्यात चांगल्या जोड्या लावणारा अल्गोरिदम) लावू का? ऑर्डर एन क्यूब म्हणजे परवडेल.

शेड्युलरवाली

एका स्लॉटला एकच जोडी सोडायची असेल तर हंगेरियन कशाला, सगळे पर्याय बघून सगळ्यात मोठा उचल, १०० जोड्या आणि २० एकटे, १२० आकडे. हंगेरियन लागतं ते एकाच फेरीत सगळ्यांच्या जोड्या लावायच्या असतील तेव्हा. त्यातपण एकट्याचा पर्याय ठेवायचाय तर मॅट्रिक्स १० बाय १० न ठेवता २० बाय २० कर. प्रत्येक डाऊनलिंकवाल्यासाठी एक खोटा अपलिंकवाला आणि उलट, त्या खान्यात एकट्याचा रेट टाक, खोटा-खोटा खान्यात शून्य. मग कोणाला एकटं सोडायचं ते अल्गोरिदमच ठरवतो, तुला थ्रेशोल्ड लावत बसायला नको. एकटा असला तरी एक अख्खा स्लॉट खातो हे वजनात धरायला विसरू नकोस, जोडी एका स्लॉटमधे दोघांचं काम करते, फुटली तर दोन स्लॉट लागतात. म्हणून एकट्याच्या खान्यात रेटचा अर्धाच टाक.

लिंकबजेट_जळगाव

आणि रिसोर्स ब्लॉक (फ्रीक्वेन्सीचे तुकडे) पण वाटायचे म्हणशील तर डाऊनलिंकवाला, अपलिंकवाला आणि ब्लॉक असं तिहेरी मॅचिंग होतं, ते एनपी-हार्ड, म्हणजे मोठ्या आकाराला झटपट अचूक उत्तर मिळत नाही, तिथे हंगेरियन चालत नाही. आधी जोड्या लाव, मग जोड्यांना ब्लॉक वाट, दोन्ही वेळा हंगेरियन. ऑप्टिमल नाही पण कोणी अडवत नाही. हवं तर छोट्या केसला, चार-चार युजर घेऊन, सगळे पर्याय तपासून किती मागे पडतो ते एका ग्राफमधे दाखव.

एमटेक_ईअँडटीसी

सगळ्यांचे आभार, टोपी आणि एकट्याचे खाने घालून आज रात्री रन टाकतो. रँडमचा ग्राफ काढून टाकू का मग?

आरएफ_काका

अजिबात नको, तोच तर सगळ्यात कामाचा ग्राफ आहे, गाईडना आधी तोच दाखव. आणि किती टक्के स्लॉट एकटे गेले ते लॉग कर, कँटीनसारखी गर्दी एका कोपऱ्यात टाकून एक ड्रॉप आणि पूर्ण मजल्यावर पसरून एक, दोन्हीत तो आकडा काढ. मॅसिव्ह मायमोचा (बेस स्टेशनवर ढीगभर अँटेना) प्रश्न आला तर राइस युनिव्हर्सिटीचं सॉफ्टनलवरचं काम वाचून जा, ७२ अँटेनांचा ॲरे होता, त्यात काही डिग्री ऑफ फ्रीडम स्वतःचा आवाज दाबण्यात खर्च होतात आणि तेवढे डाऊनलिंकचे कमी होतात.